उतरायचे कुठे?

भारतात खास पर्यटकासाठी बांधलेली निवासाची सोय फार जुनी नाही. तिच्या कितीतरी आधी यात्रेकरूसाठी धर्मशाळा होती, व्यापाऱ्याच्या तांड्यासाठी सराई होती, दौऱ्यावरच्या साहेबासाठी डाक बंगला होता. सुटीत बायकामुलांसह हिंडायला निघालेले कुटुंब या रांगेत सर्वांत शेवटी आले आणि बहुतेक वेळा आधीच्यांच्याच जागांत सामावले गेले. आजही एखादी जागा मुळात कोणासाठी उभी राहिली हे ठाऊक असले, तर तिथे काय मिळेल, काय मिळणार नाही आणि कोणते नियम पाळावे लागतील, याचा बराचसा अंदाज घरबसल्या येतो.

सर्वांत जुन्या सोयी रस्त्याच्या आधाराने वाढल्या. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात वाटेवर वड लावल्याची, आमराया केल्याची, ठराविक अंतरावर विहिरी खोदल्याची आणि विश्रामस्थाने बांधल्याची नोंद केली. शेरशहा सूरीच्या कारकिर्दीत (१५४० ते १५४५) दर दोन कोसांवर सराई होती, असे अब्बास खान सरवानी हा इतिहासकार सांगतो. तो १,७०० सरायांचा आकडा देतो. सराईची रचना साधी असे. चारही बाजूंना कोठड्या, मध्ये मोकळे अंगण, अंगणात विहीर आणि बाहेरून भक्कम दरवाजा. रात्री दरवाजा लागला की माणसे, बैल, उंट आणि माल एकाच कोटात सुरक्षित. पंजाबात जालंधर जिल्ह्यातील नूरमहल येथे नूरजहानच्या काळातली अशी एक सराई अजून उभी आहे. इंग्रजी अमलात १८६७ साली सराई कायदा झाला. सराईची नोंदणी करावी, खोल्या, ओसऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, पहारेकरी नेमावा, दरपत्रक दिसेल असे लावावे, अशी कलमे त्यात होती. दीडशे वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या एखाद्या लॉजमालकाच्या हातात दिली, तरी तिचा उपयोग होईल.

सराई रस्त्यावर असे, धर्मशाळा तीर्थावर. धर्मशाळा बांधणे हे पुण्यकर्म मानले गेले आणि त्यामुळे भारतातील स्वस्त निवासाचा सर्वांत मोठा भाग दानातून उभा राहिला. अहिल्याबाई होळकरांनी (कारकीर्द १७६७ ते १७९५) स्वतःच्या राज्याची सीमा न पाहता काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, अन्नछत्रे आणि धर्मशाळा बांधल्या. पुढे शेठ-सावकारांनी आणि जातींच्या पंचायतींनी हीच वाट धरली. काशी, हरिद्वार, नाशिक, द्वारका, पुरी या गावांत ज्ञातीच्या नावाची पाटी असलेल्या जुन्या धर्मशाळा जागोजागी दिसतात. याच्या जोडीला तीर्थोपाध्यायांची घरे होती. त्र्यंबकेश्वर, गोकर्ण, गया, पंढरपूर येथे यजमान आला की आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्याच घरी उतरायचा. उपाध्याय वहीत त्याच्या आजा-पणजाची नावे दाखवायचा, जेवणाची व्यवस्था करायचा आणि विधीही सांगायचा. भारतातील घरगुती मुक्कामाच्या व्यवसायाचा हा सर्वांत जुना नमुना होय.

पण या दानाला कुंपण होते. धर्मशाळेच्या दारात आधी जात विचारली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका-इंग्लंडात शिकून १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना उतरायला जागा मिळेना. ते एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. ही हकिकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. भारतातील प्रवासी निवासाच्या इतिहासात ताजमहाल हॉटेलाच्या उद्घाटनाइतकेच महत्त्व या घटनेला दिले पाहिजे. गाडगे महाराजांनी (१८७६ ते १९५६) देहू, आळंदी, नाशिक, पंढरपूर येथे धर्मशाळा बांधल्या, त्या याच वास्तवाला उत्तर म्हणून. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी उभारली आणि पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने बंधन घालण्यास मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे घेऊन तेथील भेदभाव गुन्हा ठरवला.

आजच्या देवस्थानांची भक्तनिवासे हा धर्मशाळेचाच मोठा, संघटित अवतार. शेगावचे गजानन महाराज संस्थान याबाबतीत आदर्श म्हणावे असे आहे. भक्तनिवासाच्या अनेक इमारती, रास्त भाडे, चकचकीत फरशी, वेळेवर पाणी आणि हजारो सेवेकऱ्यांची विनावेतन पाळी, यांमुळे इथली शिस्त महागड्या हॉटेलांनाही साधत नाही. पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर येथील संस्थानाच्या शाखांतही हीच पद्धत चालते. शिर्डीत खोल्यांचे आरक्षण ऑनलाइन होते. तिरुमला डोंगरावर देवस्थानाच्या हजारो खोल्या आहेत, पण मागणीपुढे त्या अपुऱ्याच पडतात. आरक्षणाची तारीख खुली झाली की खोल्या भराभर संपतात, न मिळालेल्यांना डोंगरावर पोचून केंद्रीय स्वागत कार्यालयाच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि मुक्कामाची मुदतही मोजकी असते. अमृतसरला सुवर्णमंदिराशेजारच्या गुरू रामदास सराईत कोणत्याही धर्माच्या माणसाला जागा मिळते; मुक्काम साधारण तीन दिवसांपर्यंत आणि लंगर रात्रंदिवस सुरू. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची यात्री निवासे याच परंपरेतली. पालिताण्यात शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून उतरायच्या असतात आणि डोंगरावर रात्री कोणालाही राहता येत नाही. म्हणून पायथ्याचे गाव जैन धर्मशाळांनी भरले आहे. तिथे सूर्यास्तानंतर जेवण मिळत नाही आणि कांदा-बटाटा ताटात येत नाही. अशा ठिकाणी उतरणाऱ्याने हे नियम आपल्यावर लादलेले मानू नयेत. जागा ज्या श्रद्धेतून उभी राहिली, तिचेच ते नियम आहेत. धर्मशाळांनी यात्रेकरूखेरीज आणखी एका प्रवाशाचा भार उचलला आहे, तो म्हणजे रुग्ण आणि त्याचे नातेवाईक. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या कर्करुग्णांची सोय होते.

सरकारी निवासांची कूळकथा वेगळी. एकोणिसाव्या शतकात टपालाच्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने डाक बंगले बांधले गेले. उंच जोते, सभोवार व्हरांडा, कौलारू छप्पर, मागे खानसाम्याची खोली आणि कोंबड्यांचे खुराडे. साहेब आला की खानसामा कोंबडी कापायचा, म्हणून डाक बंगल्याची कोंबडी हा पदार्थ अजून बंगाली हॉटेलांच्या यादीत आढळतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहे, पाटबंधारे खात्याचे धरणांवरचे बंगले, जिल्ह्याच्या गावातील सर्किट हाऊस ही सगळी त्याच घराण्यातली. जागा निवडण्यात त्या काळच्या अभियंत्यांचा हात धरणारा कोणी नाही. नदीचे वळण, डोंगराचा माथा, तळ्याचा काठ त्यांनी अचूक हेरला. सामान्य नागरिकालाही यांतील पुष्कळ ठिकाणी खोली मिळू शकते, पण अधिकारी किंवा मंत्री आला तर ऐनवेळी ती रद्द होण्याचा धोका कायम असतो. बांधताना तो अधिकारीच डोळ्यांसमोर होता, हे त्यामागचे साधे कारण.

वनखात्याची विश्रामगृहे ही या घराण्यातील सर्वांत देखणी शाखा. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात, रामगंगेच्या खोऱ्यावर, ढिकाला येथे रात्री मुक्काम करता येतो. दारू चालत नाही, जेवण शाकाहारी असते आणि पावसाळ्यात हा भाग बंद राहतो. मेळघाटात सिपना नदीच्या काठचे कोलखास आणि सेमाडोह येथील संकुल विदर्भातल्या अनेक पिढ्यांना माहीत आहे. नागझिऱ्याच्या तळ्याकाठची विश्रामगृहे तर मराठी वाचकाच्या मनात कायमची घर करून आहेत. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' अशाच मुक्कामातून लिहिले गेले. जंगलाच्या वेशीवर आता काचेच्या भिंतींची आणि पोहण्याच्या तलावांची रिसॉर्टे झाली आहेत. सुखसोयी तिथे अधिक असतात, पण पहाटे चितळाच्या इशाऱ्याने जाग येण्याचा अनुभव वनविश्रामगृहातच मिळतो, आणि जंगलात जाणाऱ्याने शक्य असेल तेव्हा तेच निवडावे.

रेल्वेची रिटायरिंग रूम ही सर्वांत कमी वापरली जाणारी चांगली सोय. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर क्रमांक दिला की मोठ्या स्थानकांवर खोली किंवा डॉर्मिटरीतील खाट मिळते. मध्यरात्री उतरणाऱ्याला किंवा पहाटेची गाडी धरणाऱ्याला याहून सुरक्षित जागा नाही. २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेल्वेने पहिले पॉड हॉटेल सुरू केले. त्यात एका माणसाला झोपता येईल एवढ्या ४८ कुप्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर सरकार स्वतः हॉटेलमालक झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या परिषदेसाठी दिल्लीत अशोक हॉटेल बांधले गेले, १९६६ मध्ये भारत पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यापाठोपाठ राज्यांची महामंडळे आली. महाराष्ट्राचे एमटीडीसी १९७५ चे. अजिंठ्याजवळचे फर्दापूर, लोणार, भंडारदरा, गणपतीपुळे, तारकर्ली अशा ठिकाणी, जिथे खासगी माणूस पैसा घालायला धजत नव्हता, तिथे महामंडळाने पहिल्या खोल्या बांधल्या. उत्तराखंडात गढवाल आणि कुमाऊं मंडळ विकास निगमांची विश्रामगृहे नसती, तर चारधामच्या वाटेवरचा आणि हिमालयातील पदभ्रमणाचा मध्यमवर्गीय प्रवास इतका वाढलाच नसता. गोव्यात मिरामार, कळंगुट, म्हापसा येथील महामंडळाच्या 'रेसिडेन्सी' याच जातीच्या. या सर्वांचे बलस्थान म्हणजे जागा आणि वाजवी दर. दुखणे म्हणजे देखभाल. गळका नळ आणि बंद गिझर यांची तक्रार करायला समोर मालक नसतो, असते ते कार्यालय. इतक्या मोक्याच्या जागा हाताशी असताना त्या नीट राखता येऊ नयेत, ही खेदाची गोष्ट आहे.

हॉटेल या अर्थाने हॉटेल भारतात आले ते बंदरांच्या शहरांत. कलकत्त्यात १८४० च्या सुमारास ऑकलंड हॉटेल सुरू झाले, तेच पुढे ग्रेट ईस्टर्न म्हणून गाजले. मुंबईत १८७१ मध्ये वॉटसन्स हॉटेल उघडले. बिडाच्या लोखंडी सांगाड्याच्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलत्चित्रे दाखवली गेली आणि भारताने पहिल्यांदा सिनेमा पाहिला. जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. आज हॉटेलांना तारे देण्याचे काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते. एक ते पाच तारे आणि त्यावर पंचतारांकित डिलक्स अशी श्रेणी असते; ती पाच वर्षांसाठी मिळते. मात्र ही तपासणी ऐच्छिक आहे. त्यामुळे तारे न घेतलेली उत्तम हॉटेले आहेत आणि तपासणीविना पाटीवर तारे रंगवलेलीही आहेत. पाटीपेक्षा प्रमाणपत्रावरची तारीख पाहावी.

देशातले बहुसंख्य प्रवासी ज्या हॉटेलात राहतात, त्याला मात्र तारे नसतात. बसस्थानकासमोरचे 'बोर्डिंग अँड लॉजिंग', खाली खाणावळ आणि वर खोल्या, जिन्याखाली काउंटर, खिळ्यांवर टांगलेल्या किल्ल्या. विक्रीचे प्रतिनिधी, कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी, लग्नाचे वऱ्हाड आणि परीक्षेला आलेली मुले या लॉजांवर अवलंबून असतात. स्वच्छ चादर, चालणारा नळ आणि आतून नीट लागणारी कडी, एवढेच त्यांचे मागणे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ओयोने अशाच लॉजांना एका नावाखाली आणून ठराविक दर्जाची हमी देऊ केली. खोली शोधणे त्यामुळे सोपे झाले. दर्जा मात्र गावागणिक बदलताच राहिला. त्याच वर्षी झोस्टेलने एकट्याने हिंडणाऱ्या तरुणांसाठी खाटेच्या हिशेबाने जागा देणारी हॉस्टेले काढली. एकेका खोलीत सहा-आठ दुमजली खाटा, सामाईक स्वयंपाकघर, भिंतीवर चित्रे आणि संध्याकाळी गच्चीवर गप्पा. मनाली, ऋषिकेश, गोकर्ण, गोवा येथे आता अशी हॉस्टेले पुष्कळ झाली आहेत. घरापासून दूर राहून संगणकावर काम करणारी मुले-मुली तिथे महिना महिना राहतात.

राजवाड्यांची कथा पैशाच्या अडचणीतून सुरू होते. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले, आणि शेकडो खोल्यांच्या वास्तू पोसायच्या कशा, हा प्रश्न उभा राहिला. काहींनी तो आधीच ओळखला होता. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ मध्येच हॉटेल झाला. उदयपूरच्या पिछोला तलावातील जगनिवास १९६३ मध्ये लेक पॅलेस हॉटेल म्हणून खुला झाला. जोधपूरचा उमेदभवन १९२९ ते १९४३ या काळात दुष्काळी कामावर आलेल्या मजुरांच्या हातून बांधला गेला. त्याच्या एका भागात आता हॉटेल आहे, एका भागात संग्रहालय आणि एका भागात राजघराणे. अलवरच्या वाटेवरील पंधराव्या शतकातला नीमराणा किल्ला पडझड झालेल्या अवस्थेतून दुरुस्त करून १९९१ मध्ये पाहुण्यांसाठी उघडण्यात आला. पुढे तो साऱ्या देशाला नमुना झाला. १९५० पूर्वीच्या वास्तूंना सरकारच्या 'हेरिटेज' वर्गात मान्यता मिळू शकते. महाराष्ट्रात अशा जागा थोड्या, पण पाहण्यासारख्या आहेत. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात जुने बंगले हॉटेल म्हणून टिकले आहेत. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफांच्या चित्रांनी सजलेल्या खोल्यांत राहता येते. शेजारी गोव्याच्या हद्दीत तेरेखोलचा किल्ला आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि पुढे तिथे हॉटेल झाले. पणजीच्या फोन्तेन्हास वस्तीतील जुनी पोर्तुगीज धाटणीची घरेही पाहुण्यांना मिळतात. दर पेलणार नसतील, तरी यांतील काही ठिकाणी दुपारचे जेवण किंवा चहा घेऊन वास्तू पाहता येते.

पाण्यावरच्या मुक्कामाचे भारतात दोन घाट आहेत आणि दोन्ही अगदी निराळे. काश्मीर संस्थानात बाहेरच्यांना जमीन विकत घेता येत नसे. उन्हाळ्याला श्रीनगरात येणाऱ्या इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर तोड म्हणून दल आणि नगीन तलावांत देवदारी लाकडाची तरंगती घरे करवून घेतली. ही हाऊसबोट एका जागी बांधलेली असते. पुढे सज्जा, मग दिवाणखाना, जेवणघर आणि शेवटी ओळीने झोपण्याच्या खोल्या. छताला खतमबंदची भौमितिक नक्षी, अक्रोडाच्या लाकडाचे कोरीव सामान, जमिनीवर गालिचे. काठावर ये-जा शिकाऱ्याने. मालकाचे कुटुंब बहुधा मागच्या साध्या नावेत राहते आणि स्वयंपाक तिथूनच येतो. श्रेणीही ठरलेल्या आहेत. डिलक्सपासून खाली साध्या डोंग्यापर्यंत. तलावाच्या प्रदूषणामुळे नव्या बोटींना परवानगी मिळेनाशी झाली, जुन्या बोटींचे लाकूड कुजत आहे आणि देवदार महाग झाला आहे. त्यामुळे दर हिवाळ्यात यांतल्या काही बोटी कमी होतात. हा वारसा टिकवायचा तर सांडपाण्याची व्यवस्था आणि दुरुस्तीचे लाकूड, या दोन्हींची जबाबदारी सरकारने एकाच वेळी घ्यायला हवी.

केरळची हाऊसबोट चालते. कुट्टनाडातला भात वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम नावा रस्ते आणि पूल झाल्यावर बेकार झाल्या. आंजिलीच्या फळ्या खिळ्यांशिवाय काथ्याने शिवलेल्या या नावांवर १९९० च्या दशकात बांबू-चटईचे छप्पर चढले आणि खोल्या झाल्या. आलप्पुळा आणि कुमरकोम येथून दुपारी निघालेली बोट कालव्यांतून हिंडते, पण संध्याकाळ झाली की तिला काठाला लागावेच लागते, कारण रात्री पाण्यात कोळ्यांची जाळी असतात. स्वस्त बोटींत वातानुकूलन फक्त रात्रीच चालते. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावे.

या सगळ्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सर्वाधिक वाढला तो घरगुती मुक्काम, म्हणजे होम-स्टे. केंद्र सरकारच्या निवास व न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांपर्यंत नोंदणी होते, 'सुवर्ण' आणि 'रौप्य' असे दोन वर्ग असतात आणि घरमालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असावे, ही मुख्य अट असते. ती अट फार शहाणपणाची आहे. कुटुंब हलले आणि नोकर ठेवला की उरते ते छोटे लॉज.

कोकणात ही सोय कोणत्याही योजनेची वाट न पाहता वाढली. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' ही हाताने रंगवलेली पाटी दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरुड, आंजर्ले, गुहागर, वेळणेश्वर इथल्या जवळजवळ प्रत्येक आळीत दिसते. १९९७ मध्ये दिवेआगरात सुवर्णगणेश सापडला आणि गावात भाविकांची रीघ लागली; १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग मुंबईकरांच्या आवाक्यात आले. नारळी-पोफळीच्या वाडीतले घर आधीच मोठे होते, मुले मुंबई-पुण्याला गेलेली होती. माडीवरच्या दोन खोल्या रंगवल्या, मागे नवे न्हाणीघर बांधले आणि धंदा सुरू झाला. तो प्रामुख्याने बायकांनी उभा केला. पहाटे घावन किंवा आंबोळी, दुपारी केळीच्या पानावर भात, आमटी, सोलकढी, शनिवार-रविवारी उकडीचे मोदक. तारकर्ली-मालवणकडे सुरमई किंवा बांगडा, तांदळाची भाकरी आणि तिखले. जेवणाला किती पाने, हे आदल्या रात्री सांगावे लागते, कारण मासळी आणि नारळ मोजून आणायचे असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातील पोफळीच्या बागा आडव्या केल्या. सुपारीचे झाड पुन्हा उत्पन्न द्यायला अनेक वर्षे घेते. त्या काळात कित्येक घरांना पाहुण्यांच्या भाड्यानेच तगवले.

या यशाला आता भगदाडे पडू लागली आहेत. समुद्रालगतच्या वाड्या विकल्या जातात, तिथे बाहेरच्या गुंतवणूकदाराचे तीनमजली रिसॉर्ट उभे राहते, त्याचे सांडपाणी वाळूत मुरते आणि शेजारच्या विहिरीचे पाणी बिघडते. पाहुणे येतात ते वाडीच्या सावलीसाठी आणि घरच्या जेवणासाठी; वाडीच गेली तर उरेल ती फक्त वाळू. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम ग्रामपंचायतींनी काटेकोर पाळायला हवेत.

इतरत्र होम-स्टेने वेगवेगळी रूपे घेतली. कोडगूत कॉफीच्या मळ्यातील बंगले त्यासाठी उघडले. लडाखात हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, रुंबकसारख्या गावांत, स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २००० नंतर होम-स्टे रुजवले. तिथे हिमबिबट्या शेळ्या-मेंढ्या मारायचा आणि चिडलेले लोक त्याला. पाहुणे हिमबिबट्यासाठी येऊ लागले आणि त्यांचा पैसा घरोघर पोचला, तसा गावाचा त्याच्याशी असलेला दावा निवळला. पाहुणे पाळीपाळीने सर्व घरांत जातात, म्हणजे एकट्या सधन घराचीच चलती होत नाही. ही पाळीची पद्धत कोकणाने उचलावी अशी आहे. महाराष्ट्रात बारामती परिसरात पांडुरंग तावरे यांनी शेतावरच्या मुक्कामाला चालना दिली आणि २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. हुरडा पार्टीचे महिने सोडले, तर या केंद्रांची मदार मात्र अजून शाळांच्या सहलींवरच आहे.

मध्यमवर्गीय नोकरदाराच्या सुटीत आणखी एका जागेला मोठे स्थान होते, ते म्हणजे हॉलिडे होम. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९५६ पासून रजा प्रवास सवलत मिळू लागली. पुढे बँका, आयुर्विमा, वीज मंडळे यांनीही ती दिली. खोल्या कमी पडू लागल्या, तेव्हा कर्मचारी संघटनांनी आणि कल्याण निधींनी महाबळेश्वर, पुरी, दार्जिलिंग, कन्याकुमारी येथे इमारती भाड्याने घेऊन खोल्या ठेवल्या. नाममात्र भाडे, अर्ज तीन महिने आधी, चादरी कधी घरूनच न्यायच्या आणि गॅसवर आपला स्वयंपाक आपण करायचा. घरचा शिधा बांधून नेण्याची बंगाली आणि मराठी कुटुंबांची सवय इथे जुळून आली. केंद्र सरकारच्या संपदा संचालनालयाची हॉलिडे होम्स शिमला, मसुरी, कन्याकुमारी येथे आहेत आणि त्यांचे आरक्षण आता ऑनलाइन होते. १९८० च्या दशकात खासगी कंपन्यांनी टाइमशेअर आणले. एकदाच मोठी रक्कम भरायची आणि पंचवीस वर्षे दरवर्षी एक आठवडा कंपनीच्या रिसॉर्टांत राहायचे. दरसालचे देखभाल शुल्क वेगळे असते आणि शाळांच्या सुट्यांत हवी ती जागा मिळणे कठीण जाते. सही करण्याआधी या दोन्ही गोष्टींचा हिशेब मांडावा.

तंबूंबद्दल थोडक्यात. प्रयागला माघ महिन्यात कल्पवासी संगमाच्या वाळूवर महिनाभर राहतात, आणि कुंभात तिथे तात्पुरते शहरच वसते. आषाढीला दिंड्यांच्या राहुट्या ट्रकने पुढे जाऊन मुक्कामाच्या गावी उभ्या राहतात, आणि पंढरपुरात चंद्रभागेकाठची ६५ एकर जागा त्यांच्यासाठी राखलेली असते. कच्छच्या रणात धोरडोजवळ हिवाळ्यात जे तंबूंचे नगर उभे राहते, ते मात्र निखळ पर्यटकांचे. पौर्णिमेच्या रात्रींचे दर तिथे सर्वांत चढे असतात.

खोली कोणत्याही प्रकारची असो, काही गोष्टी सगळीकडे सारख्या. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. धार्मिक न्यासांच्या आवारातील १,००० रुपयांहून कमी भाड्याच्या खोल्यांना तो माफ आहे. ओळखपत्र दाखवावे लागते. आधारची प्रत द्यायची असल्यास आकडे झाकलेली प्रत द्यावी. परदेशी पाहुण्याची माहिती मालकाने २४ तासांत ऑनलाइन पाठवायची असते. ही कटकट नको म्हणून पुष्कळ लॉजमालक परदेशी प्रवाशाला 'खोली नाही' असे सांगून मोकळे होतात. खोली बारा तासांची, चोवीस तासांची की दुपारी बारापर्यंतची, हे आधी विचारावे. वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर तळमजल्यावरची खोली, कमोड आणि न्हाणीघरातला धरायचा दांडा यांची खात्री फोनवरच करून घ्यावी. जुन्या धर्मशाळांत आणि विश्रामगृहांत या तीन गोष्टी अजूनही अभावानेच मिळतात.

अनेक तीर्थक्षेत्री आणि लहान गावांतल्या लॉजमध्ये एकट्या प्रवाशाला खोली नाकारली जाते. एकटा माणूस जिवाचे काही बरेवाईट करील, ही भीती त्यामागे असते. एकट्या बाईच्या बाबतीत संशयाची भर पडते. अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये, असा कोणता कायदा नाही, तरी लग्नाचा पुरावा मागितला जातो. मुस्लिम किंवा ईशान्येकडच्या प्रवाशाला नाव किंवा चेहरा पाहून परत पाठवल्याच्या तक्रारी शहरांतूनही येतात. विधवा मावशी एकटीच काशीला निघाली, विद्यार्थी एकटाच परीक्षेला आला, निवृत्त शिक्षक एकटाच नर्मदा परिक्रमेला गेला, तर त्यांनी रात्र कुठे काढावी? ओळखपत्राची नोंद झाल्यावर अशा माणसाला दारातून परत पाठवण्याचे काही कारण उरत नाही. देवस्थानांच्या विश्वस्तांनी आणि लॉजमालकांच्या संघटनांनी एकट्याला खोली नाकारण्याचा नियम यंदाच्या दिवाळीच्या सुटीपासूनच काढून टाकावा.